वाचकांचे प्रश्न : मिठाच्या दोन बरण्या

गेल्या अंकात कैरीच्या लोणच्याविषयी लिहिताना 'मीठ खड्याचे घ्यावे' असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर संपूर्णपणे मिठालाच द्यावे असे ठरवले. पूर्वी वाण्याकडे खडेमीठ आणि बारीक मीठ असे दोनच प्रकार मिळत. आज मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिठासाठी वेगळा कप्पा असतो आणि त्यात गुलाबी, काळे, कमी सोडियमचे, समुद्री, सैंधव अशी पाकिटे शेजारी शेजारी मांडलेली असतात. त्यामुळे प्रश्न पडणे साहजिक आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

आम्ही गेले दीड वर्ष सगळा स्वयंपाक गुलाबी सैंधव मिठात करतो. आमच्या सुनेला चौथा महिना लागला आहे. तिच्या डॉक्टरांनी आयोडीनयुक्त मीठ वापरायला सांगितले. नैसर्गिक मिठात सगळी खनिजे असताना कारखान्यातले मीठ पुन्हा का आणावे? (मुलुंड)

आपण डॉक्टरांचे ऐकावे आणि आजच आयोडीनयुक्त मिठाचे पाकीट आणावे, असे मी पहिल्याच वाक्यात सांगते, कारण या बाबतीत थांबण्यासारखे काही नाही. आता कारणे.

सैंधव म्हणजे सिंधुदेशातले. प्राचीन समुद्र आटून जमिनीखाली दबलेले हे मीठ खाणीतून काढतात. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून होणारी आयात बंद होईपर्यंत आपल्याकडे येणारे गुलाबी मीठ मुख्यतः तिथल्या पंजाबमधील खेवड्याच्या खाणीच्या परिसरातले असे. भारतात हिमाचल प्रदेशातल्या मंडी जिल्ह्यातही सैंधवाच्या खाणी आहेत. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. आयुर्वेदाने सर्व लवणांमध्ये सैंधवाला श्रेष्ठ मानले आहे, त्याची चव सौम्य आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु पाकिटावर लिहिलेल्या खनिजांचा हिशोब एकदा करून पाहावा. हे मीठही सुमारे ९७ ते ९८ टक्के सोडियम क्लोराइडच असते. दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्ले, तर उरलेली सर्व खनिजे मिळून शंभर-दीडशे मिलीग्रॅमच्या घरात पोटात जातात. एका मध्यम केळ्यात एकट्या पोटॅशियमचेच प्रमाण ४०० मिलीग्रॅमच्या आसपास असते. तेव्हा खनिजांसाठी मीठ निवडणे व्यर्थ आहे. खनिजे पालेभाजी, डाळी, फळे आणि नाचणी यांतून मिळतात.

मिठातून मिळवायचे एकच पोषकद्रव्य आहे, आणि ते म्हणजे आयोडीन. सैंधवात ते नगण्य असते. समुद्राच्या मिठातही ते जवळजवळ नसते, ही गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटते, कारण समुद्री मासळीत आयोडीन असते म्हणून मिठातही असणार असे आपण धरून चालतो. प्रौढ व्यक्तीला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, तर गरोदर स्त्रीला २५०. गर्भाचा मेंदू घडत असताना आईच्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन कमी पडले, तर बाळाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, आणि तो पुढे भरून काढता येत नाही. म्हणूनच आपल्या देशात १९६२ साली गलगंड (आयोडीनच्या अभावाने गळ्याला येणारी सूज) नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर २००६ साली पुन्हा बंदी घालण्यात आली. कारखान्यातून निघताना मिठात दर किलोमागे ३० मिलीग्रॅम आणि घरी पोहोचेपर्यंत निदान १५ मिलीग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. 'हसरा सूर्य' हे चिन्ह त्याचीच खूण आहे.

घरात सैंधवाची सवय मोडवत नसेल, तर आयोडीन मिसळलेले सैंधवही बाजारात मिळते. पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख असेल तरच ते घ्यावे. सूनबाईंना पूर्वी थायरॉइडचा काही त्रास झाला असेल, तर तो मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगावा. एक गोष्ट मनापासून लिहिते. गुलाबी मीठ हे चांगल्या घराचे लक्षण आणि साधे पाकिटातले मीठ म्हणजे हलके, असा जो समज आपल्या इमारतींमधून पसरतो आहे, त्याने माझ्या जिवाला घोर लागतो. गलगंड झालेली माणसे पाहिलेली पिढी आता मागे पडली. त्यामुळे हे साधे पाकीट कशासाठी घरात आले होते, हेच आपण विसरलो आहोत.

लोणच्याला खडेमीठच का? पाकिटातल्या बारीक मिठाने लोणचे काळे पडते किंवा बुरसते, असे माझ्या सासूबाई म्हणतात. हे खरे आहे का? (गिरगाव, असेच पत्र लालबागहूनही)

सासूबाईंचा अनुभव खरा असू शकतो, परंतु दोष आयोडीनचा नाही. एक किलो मिठात आयोडीन काही मिलीग्रॅम असते. एवढ्याशा प्रमाणाने लोणच्याचा रंगही बिघडत नाही आणि लोणचे नासतही नाही. लोणचे बुरसते ते ओल राहिल्याने किंवा मीठ कमी पडल्याने, आणि मीठ कमी पडण्याचे कारण बहुधा माप हे असते.

मीठ नेहमी वजनाने घ्यावे. बारीक मीठ चमच्यात दाटून बसते. चहाचा एक सपाट चमचा भरला तर सुमारे ६ ग्रॅम होते. खड्यांच्या मध्ये मात्र हवेच्या पोकळ्या राहतात, त्यामुळे त्याच चमच्यात किंवा वाटीत खडेमीठ वजनाने कमी बसते. आजीच्या हातची कृती 'दोन वाट्या मीठ' अशी असते. ते मीठ खड्याचे होते की दळलेले, हे कृतीत लिहिलेले नसते, आणि तिथेच घोळ होतो. खड्याचे माप घेऊन बारीक मीठ घातले, तर लोणचे खारट होते. उलट केले, तर ते टिकत नाही. कैरीच्या एक किलो फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ हे प्रमाण मी गेली अनेक वर्षे वापरते. वर्षाच्या बेगमीचे लोणचे असेल, तर दोनशेच्या जवळ राहावे.

मग खडेमीठ कशासाठी? त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे ते हळूहळू विरघळते, त्यामुळे फोडींना सावकाश पाणी सुटते आणि त्या करकरीत राहतात, असा माझा अनुभव आहे. दुसरे कारण असे, की दळलेले मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळतात, त्यांतली काही पाण्यात पूर्ण विरघळत नाहीत. मसाल्याच्या लोणच्यात ते कळतही नाही. पण मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, आवळे किंवा मिरच्या काचेच्या बरणीत घातल्या, तर पाणी गढूळ दिसते. ते खाण्यास अपायकारक नसते, फक्त डोळ्यांना बरे वाटत नाही.

खडेमीठ घ्याल, तेव्हा ते आधी निवडून घ्यावे, कढईत मंद आचेवर कोरडे भाजावे आणि पूर्ण गार होऊ द्यावे. भाजताना ते तडतडते, तेव्हा तोंड दूर ठेवावे. गरम मीठ फोडींवर घातले, तर त्याची वाफ धरते आणि ओल घालवण्याचा सारा खटाटोप वाया जातो. बरणी चिनी मातीची किंवा काचेची असावी. स्टीलच्या डब्यात लोणचे ठेवू नये. मीठ आणि आंबट रस मिळून चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पाडतात.

भाईंदर ते नायगावच्या दरम्यान गाडीतून मिठागरे दिसतात. ते ताजे मीठ थेट आणून स्वयंपाकात वापरले तर? (वसई)

आपल्या पत्राने मला माझ्या लहानपणी भांडुपजवळ दिसणारे मिठाचे पांढरे ढीग आठवले. मुंबई ही मिठागरांचीही नगरी आहे. वडाळा, कांजूर, भांडुप, मुलुंड, भाईंदर, पलीकडे उरण, पेण या साऱ्या खाजणपट्ट्यात आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवले. १९३० च्या सत्याग्रहात वडाळ्याच्या मिठागरांवर मुंबईकरांनी लाठ्या खाल्ल्या. त्यामुळे या मिठाविषयी आपल्याला जे वाटते, ते मी समजू शकते.

पावसाळा संपला, की बांध दुरुस्त करून भरतीचे पाणी आत घेतात आणि एका वाफ्यातून दुसऱ्या उथळ वाफ्यात सोडत ते उन्हावाऱ्याने आटवतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्व क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात. एक किलो मिठासाठी निदान चाळीस लिटर पाणी आटावे लागते. पाणी आटत जाते तसा आधी जिप्समचा थर खाली बसतो, मग मिठाचे स्फटिक धरू लागतात, आणि शेवटी उरणाऱ्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. मीठ वेळेवर ओढून नीट निथळले नाही, तर हे कडू पाणी खड्यांना चिकटून राहते. आगरातले मीठ किंचित कडवट लागते आणि लवकर ओलसर होते, ते यामुळे.

ते रोजच्या जेवणात वापरू नये, कारण त्यात आयोडीन मिसळलेले नसते आणि ते धुतलेले, गाळलेलेही नसते. आजच्या खाड्यांचे पाणी आपल्या आजोबांच्या काळाइतके स्वच्छ राहिलेले नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. पवईच्या आयआयटीतील संशोधकांना २०१८ साली बाजारातल्या पाकीटबंद मिठातही प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले होते, आणि वाळूच्या साध्या गाळणीतून समुद्राचे पाणी आधी गाळले, तर ते बरेच कमी करता येतात, असे त्यांनी दाखवले होते. मासळी खारवण्यासाठी हे मीठ कोळीवाड्यांत पूर्वापार वापरत आले आहेत. घरी आणलेच, तर भांड्यांना आणि सुरीला येणारा मासळीचा वास घालवायला ते उत्तम आहे.

यजमानांना रक्तदाब आहे. कमी सोडियमचे मीठ आणू की सैंधव? सैंधवाने रक्तदाब वाढत नाही असे ऐकले आहे. (बोरिवली)

सैंधवाने रक्तदाब वाढत नाही, ही समजूत कृपया मनातून काढून टाकावी. मिठाच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असते आणि सैंधवात ते जेमतेम थोडेसे कमी असते. शरीराला मिठाचा रंग कळत नाही.

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. त्याचा रक्तदाबावर खरोखर चांगला परिणाम होतो. चीनमधल्या सहाशे खेड्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले. परंतु हे मीठ सर्वांसाठी नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर जास्तीचे पोटॅशियम शरीराबाहेर टाकले जात नाही, ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकते. रक्तदाबावरची काही नेहमीची औषधेही शरीरात पोटॅशियम वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस करताना मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि मुले यांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. तेव्हा यजमानांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आधी डॉक्टरांना विचारावे, आणि घरात नातवंडे असतील तर सगळ्यांचा स्वयंपाक त्या मिठात करू नये. हे मीठ जास्त झाले तर पदार्थाला कडवटपणा येतो, हेही सांगून ठेवते.

त्याहून आधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे मिठाचे पाकीट फोडाल, त्या दिवशी त्यावर तारीख लिहावी. एका माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरेसे असते. चार माणसांच्या घरात त्या हिशोबाने एक किलोचे पाकीट किमान पन्नास दिवस चालले पाहिजे. पुष्कळ घरांत ते महिन्यातच संपते, आणि त्यात बाहेरून येणारा पाव, फरसाण, वेफर्स, पापड यांतले मीठ धरलेलेच नसते. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते, पण खारट लागत नसल्याने ते लक्षात येत नाही. भारतीय माणूस सरासरी ८ ते ११ ग्रॅम मीठ खातो, असे निरनिराळ्या पाहण्यांत दिसून आले आहे. जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली उचलून ओट्यावर ठेवली, आणि पानात डाव्या बाजूला मीठ वाढण्याची प्रथा लिंबाच्या फोडीवर भागवली, तर यजमानांना जेवण अळणी वाटणार नाही. साधारण तीन-चार आठवड्यांत जिभेला नव्या चवीची सवय होते.

पावसाळ्यात मीठ पाणी सोडते. काय करावे? (माहीम)

हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की शुद्ध मीठसुद्धा हवेतले पाणी ओढून विरघळू लागते, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणून एका आठवड्याला लागेल तेवढेच मीठ घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काढावे, त्यात थोडे कोरडे भाजलेले तांदूळ घालावेत आणि उरलेले पाकीट बंद डब्यात, शेगडीपासून दूर ठेवावे. मिसळणाच्या डब्यातल्या उघड्या वाटीत मीठ ठेवू नये. ओलीबरोबर आयोडीनही हळूहळू कमी होते.

मीठ केव्हा घालावे? उसळीत आधी मीठ घातले तर कडधान्य शिजत नाही ना? (दादर)

कडधान्य अडते ते आंबटामुळे आणि गुळामुळे. आमसूल, चिंच, टोमॅटो किंवा गूळ आधी घातला, तर वाल आणि चवळी तासभर शिजवूनही कच्ची राहते. मिठाचे तसे नाही. उलट भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ घातले, तर साले मऊ होतात. तरीही मी मीठ शेवटच्या उकळीला घालते, कारण आयोडीनचा काही अंश शिजताना उडून जातो आणि रस आटल्यावर चवीचा अंदाजही अचूक येतो.

पालेभाजी आळल्याशिवाय तिला मीठ लावू नये. कढईभर दिसणारा माठ शिजल्यावर ओंजळभर उरतो आणि भाजी हमखास खारट होते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ पान वाढताना घालावे, नाहीतर तिला पाणी सुटते. वांग्याच्या आणि कारल्याच्या कापांना मात्र ते आधीच लावावे, कारण तिथे पाणी सुटणे हाच उद्देश असतो. पापलेट-सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावून पंधरा-वीस मिनिटे पुरतात. ज्या कालवणात कोकमाचे आगळ पडणार असेल, त्यात मीठ हात राखून घालावे, कारण आगळ मिठातच मुरवलेले असते.

काळे मीठ आणि पादेलोण एकच का? त्याला तो वास कशाचा? (परळ)

होय, एकच. शेंदेलोण म्हणजे सैंधव आणि पादेलोण म्हणजे काळे मीठ. हे मीठ हिरडा, आवळा यांसारख्या वनस्पतींबरोबर भट्टीत तापवून करतात. त्यात गंधकाची संयुगे तयार होतात आणि उकडलेल्या अंड्यासारखा तो वास त्यांचाच असतो. खडा काळा-जांभळा दिसतो, पण कुटल्यावर पूड गुलाबी होते. त्यामुळे सुट्या पुडीतून काळे मीठ आणि गुलाबी सैंधव यांची गफलत होते. हुंगून घेतले की ती टळते. फार उकळल्याने हा वास उडतो, म्हणून ते ताक, मठ्ठा, पन्हे, भेळ, कापलेला पेरू यांवर वरून घालावे. रोजच्या भाजी-आमटीसाठी ते नाही.

उपासाला साधे मीठ चालते का? (ठाकुरद्वार)

महाराष्ट्रात पुष्कळ घरांत वरीच्या तांदळाला आणि दाण्याच्या आमटीला नेहमीचेच मीठ घालतात, काही घरांत शेंदेलोण लागते. हा प्रश्न घराच्या रीतीचा आहे आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावा. एखाद्या एकादशीला सैंधव खाल्ल्याने आयोडीन कमी पडत नाही. श्रावणभर किंवा नवरात्रात सलग उपास करणाऱ्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र आयोडीनयुक्त सैंधव आणावे. माझ्या ओट्यावर दोन बरण्या आणि एक लहान बाटली आहे: रोजचे आयोडीनयुक्त बारीक मीठ, लोणच्याचे भाजलेले खडेमीठ आणि पादेलोण. शेंदेलोण मी आषाढीच्या आधी छटाकभर आणते आणि ते पुढच्या आषाढीपर्यंत पुरते.